राणीची सत्तर वर्षं आणि गल्लीतली टेबलं: २०२२ च्या प्लॅटिनम ज्युबिलीबद्दल नेमकी माहिती हवी

ओसरीवरून

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या भिंतीवर 'राजे आणि प्रजा' या विषयाचे आठ फलक लावायचे आहेत. त्यातला एक दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या प्लॅटिनम ज्युबिलीवर आहे, म्हणजे जून २०२२ चे ते चार दिवस. शोधलं की एकतर घोडे, तोफा आणि टोप्या मिळतात, नाहीतर 'जनसागर लोटला' छापाचं काहीतरी. फलक वाचून एखाद्याने उलट प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल असं हवं आहे.

चार दिवसांत काय कधी झालं आणि राणी स्वतः किती वेळा दिसली? गल्लीत टेबलं मांडून जेवणावळी झाल्या, त्या सरकारने मांडल्या की लोकांनी? परवानगी, खर्च, जबाबदारी कोणाची? आणि खरा प्रश्न हा की लोकांचं राणीवर प्रेम होतं असं म्हणतात, ते कशावरून म्हणायचं? लागून चार दिवस सुट्टी दिली तर रस्त्यावर कोणीही येईल.

टेम्सकाठी

आधी तारखांचा घोळ निस्तरून घ्या, निम्म्या लेखांत तोच चुकलेला असतो. राणी गादीवर आली ६ फेब्रुवारी १९५२ ला, वडील गेले त्या दिवशी. राज्याभिषेक झाला २ जून १९५३ ला. सत्तर वर्षं पुरी झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, पण सोहळा ठेवला जूनमध्ये. कारण साधं आहे. फेब्रुवारीत लंडनला पाच वाजता अंधार पडतो आणि हाडं गोठवणारी थंडी असते.

सुट्टी कशी जमवली तेही लिहा. मेअखेरची नेहमीची बँक हॉलिडे उचलून गुरुवार २ जूनला नेली, शुक्रवार ३ जूनची एक जादा दिली, पुढे शनिवार-रविवार होतेच. जादा सुट्टी सगळ्यांना हक्काने मिळाली नाही. करारात 'बँक हॉलिडे धरून अमुक दिवस रजा' असं असेल तर मालकाने ती द्यायलाच हवी असा कायदा तिकडे नाही. त्यामुळे 'अख्खा देश चार दिवस घरी' हे वाक्य फलकावर नको.

आता दिवस. गुरुवारी सकाळी ट्रूपिंग द कलर, म्हणजे राजाच्या अधिकृत वाढदिवसाचं संचलन. त्या वर्षी निशाण फिरवण्याचा मान आयरिश गार्ड्सच्या पहिल्या बटालियनचा होता. मैदानावर सलामी घेतली प्रिन्स चार्ल्सने. सैन्य परत आलं तेव्हा राणीने राजवाड्याच्या सज्जातून सलामी घेतली, शेजारी तिचे चुलतभाऊ ड्यूक ऑफ केंट. मग विमानांच्या वेळी ती दुसऱ्यांदा आली, या वेळी कुटुंबासह. पण कुटुंब म्हणजे सगळं गणगोत नव्हे. राजघराण्याची कामं करणारे आणि त्यांची मुलं, एवढेच सज्जात, असं आधीच ठरवलं होतं. सत्तरहून जास्त विमानं गेली. त्यातल्या पंधरा टायफून विमानांनी आकाशात ७० चा आकडा धरला होता.

तोफांचा हिशेब वाचकांना आवडेल. शाही सलामी २१ ची. हाइड पार्क हे शाही उद्यान, म्हणून आणखी २०, एकूण ४१. २ जूनला वाढदिवस आणि राज्याभिषेकाचा दिवस एकत्र आले, म्हणून दुप्पट, ८२.

रात्री पावणेदहाला मशाली. मुख्य मशाल बकिंगहॅम राजवाड्यासमोर, ती पेटवायचा इशारा राणीने विंडसरहून एका पृथ्वीगोलावर हात टेकवून दिला. पावणेदहा का? जूनच्या सुरुवातीला लंडनचा सूर्य नऊनंतर मावळतो, त्याआधी आग दिसणारच नाही. उत्तरेला मात्र याची पंचाईत झाली. एडिनबर्गला पावणेदहा म्हणजे जेमतेम सूर्यास्त, त्यामुळे तिथल्या फोटोंत मागे उजळ आभाळ आणि पुढे फिकी ज्वाळा दिसते.

शुक्रवारी सेंट पॉल्स या लंडनच्या मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना. राणी आली नाही, आदल्या दिवशी तिला त्रास जाणवला होता. शनिवारी एप्सम डर्बी ही घोड्यांची शर्यत, तिथेही नाही. रात्री राजवाड्यासमोर गाण्यांचा कार्यक्रम, तिथे ती फक्त पडद्यावर आली. मुलांच्या गोष्टीतल्या पॅडिंग्टन अस्वलासोबत चहा घेते, पर्समधून मार्मलेड सँडविच काढते आणि चमच्याने कपावर ताल धरते, तो छोटा चित्रपट आधीच गुपचूप करून ठेवला होता. रविवारी गल्लीभोजनं आणि मिरवणूक. मिरवणूक संपता संपता ती हिरव्या कपड्यांत तिसऱ्यांदा सज्जात आली, काही मिनिटंच.

म्हणजे लंडनच्या गर्दीला चार दिवसांत ती तीनदा दिसली. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी इथूनच शोधायला लागेन.

गल्लीकाका

दुसरा प्रश्न माझ्याकडे. सरकारने टेबलं मांडली नाहीत. सुट्टी दिली, गुरुवार ते शनिवार पबना रात्री अकराऐवजी एकपर्यंत मुभा दिली, नगरपालिकांना 'अर्जांवर फार कागद मागू नका' असं सांगितलं. बाकी सगळं गल्लीच्या अंगावर.

पद्धत अशी. गल्लीतले दोन-तीन जण पुढाकार घेतात. प्रत्येक घरात चिठ्ठी टाकतात की अमुक रविवारी रस्ता बंद करायचा विचार आहे, कोणाची हरकत? हा टप्पा गाळला की पुढे हमखास भांडण होतं, कारण ज्याला त्या दिवशी गाडी काढायची असते त्याला आदल्या रात्री कळतं. मग काउन्सिलकडे, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेकडे, रस्तेबंदीचा अर्ज. मुदत प्रत्येक काउन्सिलची वेगळी, कुठे चार-सहा आठवडे आधी, कुठे बारा. बसचा रस्ता असेल तर बहुतेक नकारच. म्हणून या जेवणावळी जास्त करून आतल्या, एका टोकाला बंद असलेल्या गल्ल्यांत दिसतात. रस्ता बंद करणं जमलं नाही तर लोक घरापुढच्या अंगणात आणि गाडी लावायच्या जागेत टेबलं ओढतात. त्याला अर्ज लागत नाही.

जेवण गल्लीपुरतं आणि फुकट असेल तर खाण्याचा परवाना लागत नाही, गाणी लावायलाही नाही. दारू वाटली तर चालते. विकली की टेम्पररी इव्हेंट नोटिस, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना, भरायची, २१ पौंड, तीही कामाचे किमान दहा दिवस आधी. इथे बरेच फसतात. 'खर्चापुरते दोन पौंड ग्लासामागे' हीसुद्धा विक्रीच धरतात. सोडतीची तिकिटं त्याच दिवशी तिथेच विकली तर परवाना नको. विमा सक्तीचा नाही, पण काढणारे काढतात आणि घराघरांत वाटून घेतात.

'रस्ता बंद' च्या पाट्या काउन्सिल उसन्या देते किंवा भाड्याने आणाव्या लागतात. टेबलं एका अंगाला लावायची, मधोमध नव्हे, अग्निशमनाची गाडी आली तर खुर्च्या उचलून वाट देता आली पाहिजे. दोन्ही टोकांना एक-एक माणूस दिवसभर. आपल्याकडे मांडवाच्या तोंडाशी पोरं बसवतात तसंच.

पताका दिव्याच्या खांबाला बांधायच्या असतील तर खांब काउन्सिलचा, त्याला विचारावं लागतं. म्हणून समोरासमोरच्या घरांच्या खिडक्यांतून दोरी ओढतात. कागदी पताका ही पहिल्या वर्षाची चूक. तिकडचा जून म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. लाल रंग ओघळतो आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर उतरतो. सुती पताका जुन्या चादरींच्या शिवून ठेवतात, त्या पुढच्या ज्युबिलीलाही निघतात.

या प्रथेचं मूळ राणीत नाही, हे फलकावर जरूर लिहा. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये गल्लीतल्या मुलांना शांततेचा चहा म्हणून टेबलं मांडली गेली, तिथून ही सुरू झाली. मग १९३५ ची पंचम जॉर्जची ज्युबिली, १९४५ चा विजयदिन, १९५३ चा राज्याभिषेक, १९७७. राजाराणी हे निमित्त, गल्ली ही सवय.

उलटतपासणी

गल्लीकाकांच्या शेवटच्या वाक्यातच मुद्दा सुटला की. निमित्त होतं, प्रेम नव्हतं. सवय आणि सुट्टी. शिवाय 'राष्ट्रीय' म्हणायचं तर स्कॉटलंडात रस्तेबंदीचे अर्ज इंग्लंडच्या मानाने फारच थोडे होते. राष्ट्रकुलाचं म्हणाल तर बार्बाडोसने नोव्हेंबर २०२१ मध्येच राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून उतरवलं, आणि मार्च २०२२ मध्ये विल्यम-केट जमैकाला गेले तेव्हा निदर्शनं झाली. ज्युबिलीच्या संचलनातही काही आंदोलक सैनिकांच्या पुढ्यात रस्त्यावर धावले होते. हे फलकावर येणार की नाही?

टेम्सकाठी

यायलाच हवं. स्कॉटलंडचा मुद्दा तर ठळक लिहा. पण 'सुट्टी होती म्हणून' हे पुरत नाही, कारण गर्दी माणूस बघून वागत होती. शुक्रवारी सेंट पॉल्सच्या पायऱ्यांवर तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आले तर बाहेरच्या लोकांनी हुर्यो केली. तीच गर्दी, तोच उत्सव, हातात तेच झेंडे. नुसत्या सुट्टीच्या खुशीत आलेला माणूस निवडून हुर्यो करत नाही.

दुसरी गोष्ट रविवारची. मिरवणुकीच्या पुढे सोन्याचा मुलामा दिलेली राज्याभिषेकाची बग्गी होती, १७६२ ची, चार टनांची, आठ घोडे लागतात आणि चालीने चालीनेच जाते. आत कोणी नव्हतं. खिडक्यांच्या जागी १९५३ च्या दिवसाचं चित्रीकरण दिसत होतं, तरुण राणी हात हलवते आहे असं. आणि द मॉल या राजवाड्यासमोरच्या रस्त्याच्या दोन्ही कडांची माणसं त्या रिकाम्या बग्गीला उलट हात हलवत होती. फलकावर एकच चित्र घ्यायचं तर सज्जाचं घेऊ नका, हे घ्या. (गंमत म्हणजे या बग्गीतला प्रवास भयंकर होता असं राणीने स्वतः २०१८ मध्ये बीबीसीला सांगितलं होतं. बग्गीचा डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला असतो, त्यामुळे डुलतो.)

तिसरी गोष्ट म्हणजे हे प्रेम आपोआप उगवलं नव्हतं, त्याची मशागत झाली होती. १९७० च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात 'वॉकअबाउट' सुरू झालं. त्याआधी गाडीतून हात हलवून पुढे जायचं अशी रीत होती. वॉकअबाउटमध्ये गाडीतून उतरून कठड्याच्या कडेकडेने चालायचं, राणी एका बाजूने, तिचे पती ड्यूक ऑफ एडिनबर्ग दुसऱ्या बाजूने, मध्येच थांबून कोणाशी दोन शब्द. १९७७ च्या रौप्यमहोत्सवात राणी तीन महिन्यांत ब्रिटनमधल्या ३६ काउंट्या फिरली ती अशी. त्या वर्षाच्या सुरुवातीला लोक येतील की नाही याचीच धाकधूक होती.

या चालण्यामागे तपशील किती होता बघा. कपडे नखशिखान्त एकाच भडक रंगाचे, कारण पाचव्या रांगेतल्या बुटक्या माणसाला निदान एक पिवळा ठिपका तरी दिसला पाहिजे. टोपीची कड अशी की चेहऱ्यावर सावली पडू नये. छत्री पारदर्शक प्लॅस्टिकची, घुमटासारखी, तिच्या कडेची पट्टी कपड्यांच्या रंगाची. काळी छत्री उघडली की तासन्‌तास ताटकळलेल्या माणसाला फक्त छत्रीच दिसते. झग्याच्या घेराला आतून वजनं, वाऱ्याने उडू नये म्हणून. पन्नास वर्षं हे न चुकता केलं तर गल्लीतल्या आजीला 'मी तिला पाहिलंय' असं म्हणता येतं. ज्युबिलीची गर्दी त्या वाक्यावर उभी होती.

पेठेतला

मंडळी, तुलना करायची तर १८९७ घ्या, आणि ती घ्यायला लंडनला जायचीही गरज नाही.

२२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा हीरकमहोत्सव. लंडनमध्ये तीही सेंट पॉल्सला गेली, पण सांधे धरलेले, पायऱ्या चढता येईनात. म्हणून प्रार्थनाच बाहेर आणली. राणी बग्गीत बसून राहिली आणि धर्मगुरू पायऱ्यांवर उभे राहिले. १२५ वर्षांनी त्याच चर्चमध्ये दुसरी म्हातारी राणी येऊ शकली नाही, तेव्हा तिने विंडसरला बसून दूरचित्रवाणीवर पाहिलं. त्या दिवशी ग्रेट पॉल ही सेंट पॉल्सची साडेसोळा टनांची घंटा वाजली, तीसुद्धा कित्येक वर्षं बंद पडलेली, २०२१ मध्ये दुरुस्त केलेली.

आता त्याच २२ जूनची पुण्यातली रात्र. गावात प्लेगची साथ, घरोघर सोल्जरांच्या झडत्या, देवघरापर्यंत बूट. आणि गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, महोत्सवाची मेजवानी. तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला फाशी. टिळकांना 'केसरी' तल्या लेखनाबद्दल दीड वर्षाची सजा झाली, तीही त्याच १८९७ मध्ये.

म्हणजे 'सम्राज्ञीवर प्रजेचं प्रेम' हे शब्द त्या दिवशी दोन्ही शहरांत छापले गेले असतील, पण अर्थ एक नव्हता. आपल्याकडे महोत्सव टिकला तो इमारतींच्या नावांत. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाचं बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस, त्याच वर्षी स्थापन झालेली, आज माटुंग्याला असलेली तंत्रशिक्षणाची व्हीजेटीआय, तिच्यातलं 'व्हीजे' म्हणजे मुळात व्हिक्टोरिया ज्युबिली. आज तिथे वीरमाता जिजाबाई आहेत, आद्याक्षरं न हलवता नाव पालटलं. हे ज्याला सुचलं त्याला दाद द्यावी. दगडात कोरलेल्या नावावरून प्रेम मोजू नका. ते देणगीदार कोण होते एवढंच सांगतं.

ओसरीवरून

वा. पेठेतले साहेब, तुमचा मजकूर वेगळ्या चौकटीत घेते. टेम्सकाठी, रिकाम्या बग्गीचंच चित्र घेणार. गल्लीकाका, एक शंका: लोकांनी खाल्लं काय? फलकाच्या उद्घाटनाला तेच ठेवायचा विचार आहे, पण निम्मी मंडळी शाकाहारी. आणि पताका शिवायला घेतल्यात, झेंड्याचं काही चुकत नाही ना?

साखरभात

खाण्याचं मी सांगते, ओसरीताई.

२०२२ साठी देशभरातून पुडिंगची स्पर्धा घेतली होती, सुमारे पाच हजार पाककृती आल्या, परीक्षकांच्या प्रमुख पाककृती-लेखिका मेरी बेरी. जिंकलं ते लिंबाचं स्विस रोल आणि अमारेती या बदामाच्या बिस्किटांचं ट्रायफल. काचेच्या उभ्या भांड्यात खालून वर असं जातं: लेमन कर्ड लावलेल्या स्विस रोलच्या चकत्या, त्यावर संत्र-लिंबाची जेली, मग कस्टर्ड, अमारेतीचा थर, डब्यातल्या मँडरिनचा गर, फेटलेलं क्रीम, आणि वर पांढऱ्या चॉकलेटचे तुकडे.

बिघडतं ते दोन ठिकाणी. जेली पुरती घट्ट व्हायच्या आत कस्टर्ड ओतलं तर दोन्ही मिसळून गढूळ पिवळा चिखल होतो, आणि काचेचं भांडं असल्यामुळे लपतही नाही. जेली फ्रीजमध्ये किमान तीन तास राहू द्या, कस्टर्ड गार करूनच घाला. दुसरं, चकत्या भांड्याच्या कडेला दाबून घट्ट लावल्या नाहीत तर जेली मागे उतरते आणि त्या सुटून वर तरंगतात.

शाकाहारी मंडळींसाठी जिलेटिन चालणार नाही, ते हाडा-कातड्यांचं. चायना ग्रास घ्या. पण लिंबाचा रस त्यासोबत उकळू नका, आंबटाने ते सैल पडतं. आधी पाण्यात चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, गॅस बंद करा, मग रस घाला. ते बाहेरच्या हवेतही लगेच धरतं, तेव्हा भांडं आणि चकत्या तयार ठेवूनच गॅस पेटवा. अमारेती मिळाली नाहीत तर बदामाची नानकटाई, फक्त ती फार तुपाळ नको. अंडं नको असेल तर कस्टर्ड पावडरचं करा आणि स्विस रोलऐवजी बिनअंड्याच्या केकच्या पातळ चकत्या.

१९५३ चा पदार्थ म्हणजे कोरोनेशन चिकन: शिजवून गार केलेलं चिकन, करी पावडर, जर्दाळूचा गर, मेयोनीज, क्रीम. चिकनच्या जागी उकडलेले छोले घेतले तरी सँडविचमध्ये छान लागतं. करी पावडर मात्र कच्ची टाकू नका, कांद्यासोबत तेलात परता. तिकडच्या गल्लीत कच्ची टाकलेलीच जास्त मिळते.

गल्लीकाका

झेंड्याचं: चुकतं, आणि ब्रिटनमध्येही सर्रास चुकतं. युनियन फ्लॅग वरखाली सारखा वाटतो, पण नाही. काठीच्या बाजूला जो अर्धा भाग येतो, त्यातल्या तिरप्या लाल पट्टीच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पट्ट्या असतात, एक रुंद, एक अरुंद. काठीजवळ रुंद पांढरी वर हवी. अरुंद वर आली की झेंडा उलटा. उलटा झेंडा ही जुनी संकटाची खूण धरतात.

त्रिकोणी पताकांवर छापील कापड कापताना हे सांभाळता येत नाही, तिथे कोणी बघत नाही. पण भिंतीवर एक पूर्ण झेंडा लावणार असाल तर आदल्या दिवशी खुर्चीवर चढून काठीकडचा वरचा कोपरा एकदा तपासा.

ओसरीवरून

तपासला. उलटाच होता. पलटून लावते.